रात्री साडेबाराला मी ऑनलाइन का होते

ग्लासगो,
जानेवारीतला एक रविवार

प्रिय आई आणि बाबा,
सा. न.

आई, सकाळी सहाला उठून तू आधी देवाला हात जोडतेस की मी ऑनलाइन आहे का ते बघतेस? हो, तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी जागी होते. आजारी नव्हते, रडतही नव्हते. गाणं ऐकून नुकतीच घरी आले होते. फोनवर सांगायला घेतलं की बाबा मध्येच ‘जेवली का’ विचारतात, म्हणून लिहून राहिले. जेवले होते.

इथे किंग टट्स वाह वाह हट नावाची जागा आहे. नावावर जाऊ नका. जिना चढून वर गेलं की ३०० माणसं मावतील एवढा हॉल. आपल्या देशपांडे सभागृहासारख्या खुर्च्या नाहीत, सगळे उभे. जिन्याच्या पायऱ्यांवर वर्षं आणि त्या त्या वर्षी वाजवून गेलेल्या बँडची नावं रंगवलेली आहेत. १९९३ मध्ये ओएसिस, तो पुढे जगभर गाजलेला इंग्लिश बँड, इथेच वाजवत होते, तेव्हा एका रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने त्यांना ऐकलं आणि करार देऊ केला. दादाला हे नक्की सांगा, त्याला जळू द्या. जानेवारीत इथे स्कॉटलंडमधल्या नव्या बँडचे कार्यक्रम लागतात. काल चार बँड होते, एकाचंही नाव मी आधी ऐकलं नव्हतं.

आता गंमत ऐका. हे लोक तिकीट काढून गाणं ऐकायला येतात आणि आल्याबरोबर कानात बोळे घालतात! मला वाटलं, गाणं आवडत नसेल. तसं नाही. स्पंजचे नारिंगी बोळे असतात. आपण कापसाची वात वळतो तसा बोळा दोन बोटांत बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. घाईत सोडला तर बाहेर येतो, मग पुन्हा वळा. कारण असं, की ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो, पण पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! बोळे घातल्यावर ढोल छातीत वाजतो, पण कान दुखत नाहीत. खुद्द ड्रम वाजवणाऱ्यानेही घातले होते. बाबा, तुम्ही मारबतीच्या मिरवणुकीत डीजेला खेटून उभे राहता आणि मग दोन दिवस टीव्हीचा आवाज वाढवता, त्यासाठी एक पाकीट घेऊन ठेवलं आहे. हसू नका.

गाण्याबद्दल काय सांगू? पहिला बँड बराच बेसूर होता. तिसऱ्यातली मुलगी मात्र गिटार एकदा बंद पडली तरी नुसती गात राहिली, ते आवडलं. शब्द निम्मे कळले नाहीत, इथलं इंग्रजी तसंच आहे. सामान मुलं स्वतःच उचलतात, कार्यक्रम संपला की स्वतःच टेबल मांडून टी-शर्ट विकतात. शेवटच्या बँडमधल्या एकाची आई अगदी पुढे उभी राहून सारखे फोटो काढत होती. बाजूच्या प्रत्येकाला ‘तो माझा’ म्हणून सांगत होती. मलाही सांगितलं. मी तिच्याशी फार वेळ बोलत बसले.

तू विचारायच्या आत सांगते. सोबत लॅबमधल्या दोघी होत्या आणि एक अमरावतीचा मुलगा. हो, मराठी. नाही, तसं काही नाही; त्याचं लग्न ठरलेलं आहे. मी संत्र्याचा रस प्यायले, आणि त्याबद्दल नागपूरकरांनी मला माफ करावं. अकराच्या आत सगळं संपलं, घरापर्यंत चौघं बरोबर होतो. तिकिटाला जेवढे लागले तेवढ्यात इथे एक वेळचं बाहेरचं जेवण होतं, आणि बाहेर मी जेवतच नाही. चार वाजता अंधार पडतो इथे, आई. कधीतरी खोलीबाहेर पडावं लागतं.

तिळगूळ पोहोचला, सगळा अजून संपवला नाही. छतावरच्या पतंगांचे फोटो दादाने पाठवले. चांगले होते.

वर्धा रोडच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा बरा दिसतो. पौष संपला की बोलू म्हणालीस, बोलू. पण मे महिन्याच्या तिकिटाचं अजून नक्की नाही, त्यांना तारीख देऊ नकोस. मावशीला तर मुळीच सांगू नकोस.

आणि मी दरमहा पाठवते ते पैसे तुम्ही माझ्याच लग्नासाठी एफडीत टाकून राहिलात, हे दादाने सांगितलं. त्याला रागावू नका. बाबांचा मोतीबिंदू ‘ती आली की करू’ म्हणून कशाला थांबवला? मी आले तरी डॉक्टर तोच असणार आहे ना. ती एफडी मोडा आणि याच महिन्यात तारीख घ्या. पुढचे पैसे पाच तारखेपर्यंत येतील, ते चष्म्याला आणि औषधांना. कर्जाचा हप्ता माझा मी भरते, त्यात तुम्ही पडू नका.

आजीला नमस्कार. तारीख मिळाली की लगेच कळवा, मी त्या दिवशी रजा टाकून फोनपाशी बसेन.

तुमची,
चिमी