९ मिमीच्या डब्यात रिव्हॉल्व्हरचा कागद

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: टेपर क्रिंप डाय, त्यासोबतचा चुकीचा कागद आणि काल दुपारचा फोन

तुमच्या तक्रारीच्या फॉर्मवर लिहिलंय, 'कोणत्याही भाषेत लिहा, आम्ही भाषांतर करून घेऊ.' इंग्रजीत दोनदा लिहून झालं, तीनदा फोनही झाले. आता मराठीत घ्या. मला नीट रागावता याच भाषेत येतं.

ओहायोतल्या माझ्या गॅरेजात मी ११ वर्षं .३८ स्पेशलची, म्हणजे रिव्हॉल्व्हरची, काडतुसं स्वतः बनवतोय: पितळी पुंगळीत दारू भरायची आणि तोंडात गोळी बसवायची. तिथे पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत वळवावंच लागतं, नाहीतर धक्क्याने सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर अडतो. हे तुम्हाला सांगायला नको, डाय तुम्हीच बनवता. यंदा ९ मिमी पिस्तूल घेतलं, म्हणून तुमचा ९ मिमीचा टेपर क्रिंप डाय मागवला, म्हणजे प्रेसच्या आट्यांत फिरवून बसवायचा, पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणारा साचा. डब्यावर ९ मिमी, डायवर ९ मिमी, आतला कागद मात्र म्हणतो: 'पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत वळेपर्यंत डाय खाली फिरवा.'

माझ्या तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळीला खाच नाही. तुळतुळीत आहे. तरी म्हटलं, कंपनीला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. तोंड वळलेलं डोळ्यांना दिसेपर्यंत डाय फिरवला आणि पन्नास काडतुसं भरली. इथे चूक माझी. मी तुमच्या कागदावर विश्वास ठेवला.

मग व्हर्नियर लावला. तोंडाशी ०.३७० इंच. ९ मिमीच्या तोंडाची कमाल मर्यादा ०.३८०, आणि माझी गोळी अधिक पुंगळीच्या दोन्ही भिंती हा हिशेब ०.३७७ ला येतो. म्हणजे सात हजारांश इंच आवळून टाकलं होतं. एक काडतूस टेबलाच्या कडेला लावून अंगठ्याने दाबलं, तर गोळी आत सरकली. अंगावर काटा आला. गोळी आत गेली की दारूला जागा कमी उरते आणि दाब वाढतो. तो दाब माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो.

हे घेऊन काल तिसरा फोन केला. बावीस मिनिटं संगीत ऐकवलंत. मग तुमचा 'तंत्र सल्लागार' आला. पहिला प्रश्न: "सर, डाय प्रेसमध्ये बसवलाय ना?" नाही हो, उशाशी घेऊन झोपतो. (हे मी बोललो नाही. तेवढा संयम होता.) मी म्हटलं, गोळी सैल आहे, तोंड ०.३७०. तो म्हणाला, "सैल आहे तर क्रिंप कमी पडतोय. अजून अर्धा फेरा द्या."

अर्धा फेरा! तुमच्याच डायवर इंचाला १४ आटे आहेत. अर्धा फेरा म्हणजे जवळपास ०.९ मिलिमीटर. माझे वडील सांगलीत टर्नर होते. टूलरूममध्ये कुणी असा 'अर्धा फेरा' म्हटला असता, तर त्याला चहा आणायला पाठवलं असतं. आणि आवळल्यामुळेच गोळी सैल झालीय, हे त्याला कळेना. पितळ दाबलं की थोडं उसळून मागे येतं, गोळीतलं शिसं दबलेलंच राहतं. मधे फट पडते. क्लबातल्या ज्येष्ठांनी हे मला दोन मिनिटांत समजावलं: गोळी बसवताना फाकवलेलं तोंड फक्त सरळ करायचं. रॅम (प्रेसचा, काडतूस वर नेणारा दांडा) वर, डाय तोंडाला टेकेपर्यंत, मग फेऱ्याचा आठवा भाग, मोजा, पुन्हा मोजा, डाय जागेवर धरणारी लॉक रिंग घट्ट. बस. ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावरच टेकतं, ते तोंडच वळवून टाकलं तर टेकायचं कशावर?

मी म्हटलं, कागद खाचेबद्दल बोलतोय आणि माझ्या गोळीला खाच नाही. तो थांबला. मला वाटलं, कळलं. तो म्हणाला, "सर, खाच बारीक असते. चांगल्या उजेडात बघा."

मी म्हटलं, नाहीये. तो म्हणाला, "चष्मा लावून बघितलंत का?" आणि मग अगदी मायेने: "तुमच्या ओळखीत कुणी अनुभवी माणूस आहे का?"

चांगल्या उजेडात बघा! नसलेली खाच!

तुमच्या जाहिरातीत 'आजीवन वॉरंटी' आहे. या सल्ल्यावर चाललो तर ती फार दिवस पाळावी लागणार नाही. मी निदान मोजलं. पहिल्यांदाच प्रेस घेतलेला एखादा पोरगा तो अर्धा फेरा देईल, आणि पुढच्या रविवारी रेंजवर माझ्या शेजारच्या लेनमध्ये उभा राहील.

तेव्हा डायचे पैसे परत. दहा दिवसांत आले नाहीत तर कार्डवाल्यांकडे तक्रार जाईल, आणि क्लबाच्या फळ्यावर तुमचा कागद टाचला जाईल, खाचेच्या वाक्याखाली लाल रेघ मारून. डब्यात ९ मिमीचा कागद घाला. वाईट याचं वाटतं की .३८ चा तुमचा जुना डाय इतकी वर्षं एकदाही चुकला नाही. त्याच भरवशावर हा घेतला होता.

पन्नास काडतुसं सोडवायला दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक गोळीच्या कमरेला तुमच्या डायचा वळ उठलाय, मुलामा कापून खालचं शिसं दिसतंय. त्यातल्या पाच गोळ्या, नुसत्या गोळ्या, पार्सलने पाठवतोय. तुमच्या सल्लागाराच्या टेबलावर ठेवा आणि दिवा चांगला लावा. आता खाच दिसेल.

एक ग्राहक, ओहायो