आईची शुगर लेबर रूमच्या दारात थांबू नये

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं लेबर रूममध्ये गेली. तिथली एक रात्र आपल्याला सांगायची आहे.

त्या रात्री एकीला चार किलोचा मुलगा झाला. आजी म्हणाली, दृष्ट काढायला हवी. बाळ फारसं रडत नव्हतं, अंगावर ओढत नव्हतं, नुसतं झोपून होतं. ‘गुणी आहे हो,’ असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पहाटे त्याला झटके आले तेव्हा टाच टोचून साखर पाहिली, ती फक्त 19, म्हणजे धोकादायक इतकी कमी निघाली. आईच्या कार्डावर सातव्या महिन्यातली शुगर 172 लिहिलेली होती, म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. तपासणी झाली होती, नोंदही झाली होती, पण बाळंतपण करणाऱ्या आमच्यापैकी कुणीही ती वाचली नव्हती.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून पोटातलं बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागतं आणि अंगाने वाढतं. नाळ कापली की साखर एका क्षणात बंद होते, इन्सुलिन मात्र चालूच राहतं. पहिल्या एक-दोन तासांतच साखर घसरते. त्याच इन्सुलिनमुळे चरबीपासून मिळणारं पर्यायी इंधनही मेंदूला पुरेसं मिळत नाही. साखर फार खाली जाऊन तशीच राहिली, तर मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग विशेष दुखावतो. त्या रात्री जन्मलेल्या मुलाचे डोळे चांगले आहेत, पण समोरचं त्याला नीट उमगत नाही.

धोका एवढाच नाही. मोठ्या बाळाचा खांदा अडकला तर हाताच्या नसा ताणल्या जातात आणि हात लुळा पडू शकतो. गर्भधारणेआधीपासूनच मधुमेह असेल, तर मज्जारज्जूचे दोष पहिल्या चार आठवड्यांतच, पाळी चुकल्याचं कळेपर्यंतच, होऊन बसतात. अशा बायकांची साखर दिवस राहण्याआधीच ताब्यात हवी.

गरोदर बहिणींनी हे वाचून घाबरू नये. शुगर ताब्यात राहिलेल्या बहुतेक आयांची मुलं धडधाकट असतात. म्हैसूरच्या एका अभ्यासात तर गरोदरपणी मधुमेह असलेल्या आयांची नऊ-दहा वर्षांची मुलं काही बौद्धिक चाचण्यांत इतरांपेक्षा सरस ठरली. म्हणूनच जे टाळता येतं ते न टाळल्याचं दुःख जास्त होतं.

नियम नाहीत असं नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्याच भेटीत, आणि ती ठीक आली तर पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत, 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर पाहायची. 140 किंवा जास्त आली की उपचार. उपाशी येण्याचीही अट नाही. अशा आईच्या बाळाची साखर जन्मानंतर तासाभराने आणि पुढेही पाहत राहायचं. गावच्या बाईला ग्लुकोज पिऊन दोन तास बसवायचं म्हणजे तिचा रोज बुडतो, हे मी पाहिलं आहे. तरी आशाताई तिला आणतात, बसवतात. त्यांचे हे कष्ट शेवटच्या दारात वाया जाऊ देऊ नका.

माझं मागणं साधं आहे. शुगर असलेल्या आईच्या केसपेपरवर लाल शिक्का असावा. प्रत्येक लेबर रूममध्ये, उपकेंद्रातसुद्धा, ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या स्ट्रिप असाव्यात. स्ट्रिप संपल्या म्हणून तपासणी राहिली असं मी कितीदा ऐकलं आहे. पहिल्या तासात मध-गुळाचं पाणी नव्हे, चिकाचं दूध पाजलं की नाही याची वेळेसह नोंद व्हावी. डिस्चार्ज कार्डावर बाळाची साखर लिहावी, म्हणजे घरभेटीला जाणाऱ्या आशाताईंना आणि पुढे वाढीत मागे पडणारी मुलं तपासणाऱ्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला कोणाकडे जास्त लक्ष द्यायचं ते कळेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळाची काळजी घराघरात नेता येते हे दाखवलं, तेही याच राज्यात.

खाजगी दवाखान्यांनाही हेच लागू करा.

10 मार्चला गरोदरपणातील मधुमेहाचा जागृती दिन असतो. त्या दिवशी फलक लागतील, भाषणं होतील. त्याआधी हा आदेश निघावा, आणि आपण स्वतः न कळवता एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्री जाऊन स्ट्रिपचा डबा उघडून पाहावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका