पप्पांच्या बायबल वर्गासाठी, यरुशलेमहून

यरुशलेम,
शुक्रवार दुपार

प्रिय पप्पा आणि मम्मी,
दोघांना प्रभूमध्ये सलाम.

पप्पा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की बायबल वर्गात शेवटल्या काळातल्या इस्राएलाच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे विखुरलेले यहूदी आपल्या देशात परत येण्याचा, विषय या वेळी तुमच्याकडे आलाय, आणि तरुण मुलं मोबाईलवर पाहिलेले तक्ते घेऊन येतात: कोणतं युद्ध कोणत्या अध्यायात, मंदिर कधी बांधणार, मंडळी, म्हणजे ख्रिस्ताचे विश्वासणारे, कधी स्वर्गात वर घेतली जाणार. तुम्ही विचारलंत, "तू तिथंच आहेस, यात मंडळीचं काम काय, तुला काय दिसतं?" फोनवर असली उत्तरं देता येत नाहीत. शब्बाथाचा, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या दिवसाचा, स्वयंपाक आटोपलाय, मी सांभाळते त्या यहूदी आजी झोपल्यात, म्हणून आता निवांत लिहिते.

तुमच्या वर्गाची सुरुवात प्रेषितांची कृत्ये पहिल्या अध्यायापासून करा. पुनरुत्थानानंतर चाळीस दिवस प्रभू शिष्यांना देवाच्या राज्याविषयी सांगत होता, आणि एवढं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न हाच: प्रभू, या काळात तू इस्राएलाचं राज्य परत स्थापणार काय? प्रभू त्यांना रागावला नाही. राज्य परत येणार नाही, असंही तो म्हणाला नाही. काळ आणि समय पित्याने स्वतःच्या अधिकारात ठेवलेत, ते जाणणं तुमच्याकडे नाही, एवढं सांगितलं आणि लगेच काम नेमून दिलं: पवित्र आत्मा येईल, तुम्हाला सामर्थ्य मिळेल आणि यरुशलेमापासून पृथ्वीच्या शेवटापर्यंत तुम्ही माझे साक्षी व्हाल. तक्ते आणणाऱ्या मुलांना आधी ही वचनं मोठ्याने वाचायला लावा. मंडळीचं काम कोणतं आणि कोणतं नाही, ते दोन्ही तिथं आलंय.

पुनःस्थापना होणार, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि ती सुरू झालेली मी रोज बघते. बसमध्ये माझ्या एका बाजूला इथिओपियातून आलेली बाई असते, दुसऱ्या बाजूला रशियन बोलणारे आजोबा, पुढं फ्रेंच बोलणारी पोरं, आणि ड्रायव्हरचे आईवडील मोरोक्कोचे. यहेज्केल ३६ मध्ये क्रम कसा आहे बघा. आधी देव म्हणतो, मी तुम्हाला राष्ट्रांतून काढून तुमच्या देशात आणीन. त्यानंतर शुद्ध पाणी शिंपडीन, नवं हृदय देईन. पहिलं डोळ्यांदेखत चाललंय. दुसऱ्याची वाट बघायची आहे, आणि ते माणसाच्या हातचं नाही.

मंडळीचा वाटा मात्र रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात शोधावा लागतो. पौल रोममधल्या आपल्यासारख्या परराष्ट्रीयांना म्हणतो, तू रानटी जैतुनाची फांदी, तुला कलम करून लावलंय. तोडलेल्या फांद्यांपुढं, म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्या यहूद्यांपुढं, फुशारकी मारू नको, तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मुळाने तुला धरून ठेवलंय. पप्पा, मंडळीने नेमकी हीच आज्ञा शेकडो वर्षं मोडली. चौथ्या शतकात अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम या नामांकित उपदेशकाने व्यासपीठावरून यहूद्यांविरुद्ध संदेश दिले. ज्याच्यामुळे लोकांच्या हाती त्यांच्या भाषेतलं बायबल आलं त्या मार्टिन लूथरने १५४३ साली यहूद्यांची सभास्थानं जाळा, असं लिहिलं. हे वर्गात सांगायला तुम्हाला जड जाईल, तरी सांगाच. त्याशिवाय इथल्या माणसांना आपल्याबद्दल काय वाटतं ते कळणार नाही.

माझ्या आजींचंच सांगते. मी नवीन होते तेव्हा त्यांना आंघोळ घालताना वाकले आणि गळ्यातला क्रॉस ब्लाउजमधून बाहेर आला. त्यांनी डोळे गच्च मिटले, मान भिंतीकडे केली, हाताची मूठ वळली. अंग पुसून कपडे घालेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. पुढं बऱ्याच दिवसांनी, वाटाणे सोलता सोलता, आपणहून बोलल्या. त्यांचा जन्म ओडेसाचा. १९४१ च्या ऑक्टोबरात रुमानियाच्या सैन्याने तिथं हजारो यहूदी मारले. आजी तेव्हा अगदी लहान. दारावर आलेल्या शिपायाच्या गळ्यात क्रॉस होता, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लोंबत होता, एवढंच त्यांना स्वच्छ आठवतं. ज्या खुणेकडं बघून मी रोज प्रार्थना करते, ती त्यांनी अशी पाहिलेली.

पण आजींच्या आयुष्यात आणखीही एक ख्रिस्ती माणूस आहे. सोव्हिएत संघ मोडला आणि १९९० च्या दशकात तिकडून लाखो यहूदी इथं आले. त्यांना आणण्यासाठी ख्रिस्ती लोकांनी एबेनेझर ऑपरेशन एक्सोडस नावाचं काम १९९१ मध्ये सुरू केलं, गुस्ताव शेलर या मूळच्या स्विस माणसाने. ओडेसाहून हैफाला बोटी सोडल्या, खेड्यापाड्यांतून म्हाताऱ्यांना गाड्यांत घालून बंदरावर आणलं, कागदपत्रांना मदत केली. आजी अशाच बोटीने आल्या. त्या म्हणतात, बंदरावर एका जर्मन पोराने माझ्या आईला उचलून जिन्यावरून वर नेलं, आणि आई त्याच्या खांद्यावर रडत होती. यशया ४९:२२ काढा पप्पा. राष्ट्रं तुझ्या पुत्रांना उराशी धरून आणतील, तुझ्या कन्यांना खांद्यावरून नेतील, असं तिथं म्हटलंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला कुठं स्पष्ट दिसलं असेल तर या बोटीत. त्या पोराने कुठल्या युद्धाची तारीख काढली होती की नाही, कोण जाणे. म्हातारीला उचलून मात्र नेलं.

याच्याही आधीची गोष्ट तुम्हाला आवडेल, कारण तिची सुरुवात आपल्या देशात आहे. विल्यम हेक्लर नावाचा पाळक, त्याचा जन्म १८४५ चा, काशीत; वडील तिथं मिशनरी. पुढं तो व्हिएन्नात ब्रिटिश वकिलातीचा चॅप्लिन, म्हणजे तिथला पाळक, होता. १८९६ मध्ये यहूदी राष्ट्राची चळवळ उभारणाऱ्या थिओडोर हर्झलचं त्या राष्ट्रावरचं पुस्तक वाचून तो थेट त्यांच्या घरी गेला. संदेष्ट्यांनी सांगितलेलं घडायची वेळ आली, असं वर्षं मोजून त्याला मनापासून वाटत होतं. जर्मनीतल्या बाडेनच्या ग्रँड ड्यूकशी त्याची ओळख होती, ती त्याने हर्झलसाठी वापरली, आणि त्याच वाटेने १८९८ मध्ये हर्झल जर्मन सम्राटाला भेटले. हेक्लरची वर्षांची गणितं चुकली. पण तो त्या माणसाच्या पाठीशी अखेरपर्यंत उभा राहिला, १९०४ मध्ये हर्झल मरणशय्येवर असताना भेटून आला. मला त्याची गणितं नकोत, त्याची निष्ठा हवी आहे.

आणि टेन बूम घराणं. हॉलंडातल्या हार्लेमला विलेम टेन बूम या घड्याळजीने १८४४ मध्ये आपल्या घरात यहूदी लोकांसाठी प्रार्थनेची बैठक सुरू केली. त्या काळी कोण करत होतं असलं? शंभर वर्षांनी, १९४४ च्या २८ फेब्रुवारीला, त्याच घरावर गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, धाड पडली, कारण विलेमचा मुलगा कास्पर आणि नाती बेट्सी आणि कोरी यहूद्यांना लपवत होत्या. कास्पर ८४ वर्षांचे होते, दहाच दिवसांत तुरुंगात वारले. बेट्सी रावेन्सब्रुकच्या नाझी छावणीत वारली, कोरी तेवढी जिवंत परतली. भिंतीमागच्या चोरजागेत लपलेले मात्र सापडले नाहीत. पप्पा, आपल्या मंडळीत यरुशलेमच्या शांतीसाठी प्रार्थना करताना स्तोत्र १२२ वाचतात, वाचून झालं की पुढची बाब. त्या घरात पिढ्यान्पिढ्या प्रार्थना मुरली होती, म्हणून दार वाजलं तेव्हा कुणाला विचार करावा लागला नाही.

आता आपल्या मराठीचं. इथल्या रामले गावाच्या बाजारात मी भाजी घेताना मागून आवाज आला, "अगं, कुठली गं तू?" बघते तर सत्तरीची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहूद्यांतली, बाई, माहेर अलिबागकडचं. तिने घरी नेलं, पोहे, खोबरं, गूळ घातलेला मालिदा दिला, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, नावाने केलेला. त्या घरातली मराठी आपल्यापेक्षा जुनी आणि गोड. कोकणात हे लोक तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. शमा ही यहूद्यांची मुख्य प्रार्थना आणि सुंता त्यांनी जपली, पण हिब्रू जवळजवळ विसरली होती. कोचीनच्या यहूद्यांनी त्यांना शिकवलं, आणि मिशनऱ्यांनीही. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेच ते विल्सन कॉलेजचे विल्सन. हे लोक ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांना आशा होती, फार थोडे झाले. पण जे शास्त्र त्यांच्या पूर्वजांचं, ते मूळ भाषेत वाचायला ख्रिस्ती माणसाने मदत केली, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं १९४८ नंतर इथं आली. इथं आल्यावरही काही रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मगुरूंनी, त्यांच्या यहूदीपणावर शंका घेतली, तेव्हा त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ते सर्वार्थाने यहूदी असल्याचं मान्य केलं. मला विचाराल तर पुनःस्थापनेत महाराष्ट्राच्या मंडळीचा वाटा त्या व्याकरणाच्या पुस्तकातच पडला, कुणाच्या लक्षात येण्याआधी. वर्गात हे जरूर सांगा.

तुमच्यातल्या काही जणांचं म्हणणं असेल की यहूद्यांची फक्त सेवा करावी, प्रभूविषयी बोलू नये. मला ते पटत नाही. पौलाच्या अंतःकरणाची इच्छा आणि विनंती इस्राएलाच्या तारणाचीच होती, रोम १०:१. इथं हिब्रूत भक्ती करणाऱ्या, येशूला मशीहा मानणाऱ्या यहूद्यांच्या मंडळ्या आहेत. त्यांच्यात बसले की जखऱ्या १२:१० डोळ्यांसमोर येतं: ज्याला त्यांनी भोसकलं त्याच्याकडे ते बघतील. मात्र पैशाचं किंवा वस्तूचं आमिष दाखवून धर्म बदलायला लावणं इथं १९७७ पासून गुन्हा आहे, आणि ते बरंच आहे. जी बाई माझ्या हातून जेवते, तिच्यापुढं मी ताट धरून उपदेश कसा करू? आजी विचारतात तेव्हा मी सांगते. हल्ली विचारतात. मागच्या महिन्यात त्या म्हणाल्या, "तुझा येशू यहूदी होता, हे तुम्हाला तिकडं सांगतात का?" मी हो म्हटलं. मग त्या बराच वेळ त्याच्या आईबद्दल विचारत राहिल्या.

शेवटचा मुद्दा अवघड आहे. इथं मला बेथलेहेमजवळच्या बेथ-जालाची एक अरब बहीण भेटली, पिढ्यान्पिढ्यांची ख्रिस्ती. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इथं माणसं कापली, ओलीस नेली, तेव्हा तीही रडली. त्याच महिन्यात १९ तारखेला गाझात सेंट पॉर्फिरियस चर्चच्या आवारात आसरा घेतलेले लोक बॉम्बहल्ल्यात मेले, तेव्हा मात्र तिच्यासोबत रडायला जगातल्या इस्राएलप्रेमी मंडळ्यांतलं फारसं कुणी नव्हतं, असं ती म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. इस्राएलावर प्रेम म्हणजे सरकारच्या प्रत्येक निर्णयाला आमेन, असं शास्त्र कुठं म्हणतं? संदेष्ट्यांनी तर इस्राएलाच्या राजांनाच खडसावलंय. यहेज्केल ४७:२२-२३ वाचा. देश वाटून घेताना तुमच्यात राहणाऱ्या परक्यांनाही वतन द्या, असं तिथं आहे, तेही पुनःस्थापनेच्याच दर्शनात. हे वचन मी कुठल्याही तक्त्यात पाहिलं नाही.

तर पप्पा, वर्ग असा घ्या: प्रेषितांची कृत्ये १, यहेज्केल ३६, रोम ११, आणि वेळ उरला तर यहेज्केल ४७. मुलांनी तारखा विचारल्या तर विल्सनच्या व्याकरणाची तारीख सांगा. आणि रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत इस्राएलाचं नाव घ्याल तेव्हा बेथलेहेम आणि गाझाच्या मंडळ्यांचंही घ्या. पाळकसाहेबांना माझ्या वतीने तेवढी विनंती करा. कुणी हरकत घेतलीच तर हे पत्र वाचून दाखवा.

मम्मी, पैसे बँकेत जमा झाले असतील, डोळ्याचं ऑपरेशन आता पुढं ढकलू नको. बेबीआत्याला सलाम सांग. ख्रिसमसला रजा मिळणार नाही असं दिसतंय, ईस्टरचं बघते.

तुमची लेक