सूचना : डीड रिस्ट्रिक्शनची मुदत आणि आपल्या सह्या

नमस्कार मंडळी,

आपल्या सबडिव्हिजनच्या (वसाहतीच्या) डीड रिस्ट्रिक्शनची, म्हणजे घर-जागा कशी वापरायची यावरच्या नोंदवलेल्या निर्बंधांची, मुदत 31 डिसेंबरला संपतेय. म्हणून आपोआप सुटका होईल असं समजू नका. त्याआधी निर्बंध उठवावेत असा, निम्म्याहून जास्त घरमालकांच्या सह्यांचा कागद काउंटी क्लर्ककडे (दस्त नोंदवणाऱ्या सरकारी कचेरीत) नोंदवला गेला नाही, तर पुढची 10 वर्षं तेच निर्बंध. घरं 240, म्हणजे 121 घरांच्या सह्या. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनीही करा, आणि नोटरीसमोरच. मागच्या खेपेला एकांनी जेवणाच्या टेबलावर सही करून पाठवली, ती बाद झाली.

नुसतं एखादं कलम बदलायचं तर टेक्ससच्या कायद्याने साधारणपणे एकूण मतांच्या 67 टक्के लागतात, आपल्याकडे 161. एकूण मतांच्या, हजर असलेल्यांच्या नव्हे! भारतात गेलेल्यांचं न आलेलं मत विरोधातच जमा.

दारावरच्या तोरणासाठी हा खटाटोप नको. धार्मिक चिन्हांना 2021च्या कायद्याने बरीच मोकळीक दिली आहे. आणि ह्यूस्टनमध्ये झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात घरं आणि कुठे धंदे हे ठरवणारा शहराचा नियम, नाही. निर्बंध उठले तर शेजारी गाड्या दुरुस्तीचं गॅरेजही निघू शकतं. माझं विचाराल तर जाचक कलमं तेवढी बदलावीत. पण सही ज्याची त्याने ठरवावी.

नोटरी शनिवारी दुपारी 4 वाजता क्लबहाउसवर येतील. ड्रायव्हिंग लायसन्स विसरू नका.

– चिटणीस