गोळ्यांचा डबा घेऊन या म्हणणारे डॉक्टर हवेत

मा. संपादक,

दोन महिन्यांपूर्वी आईला लोकमान्य नगरमधल्या एका डॉक्टरांकडे नेलं, आई ७४ वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्ही, आणि त्यांनी फोनवरच सांगितलं होतं की फाइल नंतर बघू, आधी घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या घेऊन या, बंद केलेल्यासुद्धा. आमच्याकडे गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात, तो डबाच नेला. त्यांनी तो टेबलावर उपडा केला आणि एकेक स्ट्रिप हातात घेऊन मला नाही, आईलाच विचारत बसले, ही कशाची, कोणी दिली, कधी घेता.

दोन स्ट्रिप निघाल्या, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या आणि आत दोन्हींत बीपीचं एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन. एक फिजिशियननी दिलेली, एक हार्टच्या डॉक्टरांनी, आई एक सकाळी आणि एक रात्री घेत होती. या औषधाने पायावर सूज येऊ शकते, तिला आली होती, आणि त्या सुजेसाठी तिसऱ्या ठिकाणी लघवीची गोळी सुरू झाली होती. त्यात घसा खवखवतो म्हणून ती रोज ज्येष्ठमधाची काडी चघळते, जी बरेच दिवस घेतली तर बीपी वाढू शकतं आणि पोटॅशियम कमी होतं, लघवीच्या गोळीबरोबर आणखीच. हे तिने कुठेच सांगितलं नव्हतं, "घरातलंच तर आहे, त्यात काय सांगायचं", आणि खरं म्हणजे कोणी विचारलंही नव्हतं.

मला कुठल्याच डॉक्टरांना नावं ठेवायची नाहीत, प्रत्येकाने आपापल्या पाच मिनिटांत आपलं काम नीटच केलं, पण अख्खी आई कोणी बघितलीच नाही. या डॉक्टरांनी आमच्यासमोर हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला, दोघांनी बोलून एक गोळी बंद केली, पोटॅशियम तपासून लघवीची पण थांबवली, आणि काही दिवसांत आईची चप्पल परत पायात जायला लागली. (कृपा करून हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका.)

आता असा विचार करणारे बरेच जण भेटतात, आमचे नौपाड्यातले वैद्य काढा द्यायच्या आधी अ‍ॅलोपॅथीची यादी मागतात, आहारतज्ज्ञ बाई तर पहिलं विचारतात की घरी स्वयंपाक कोण करतं. औषधांमुळे होणारं नुकसान कमी करायची मोहीम जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच सुरू केली, आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून बऱ्याच गोळ्या घेणाऱ्या पेशंटना बसवून सगळ्या औषधांची अशी तपासणी करतात, त्यासाठी दवाखान्यात फार्मासिस्ट असतो. आपल्याकडेही १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड आलाय, तो स्कॅन केला की आतल्या औषधाचं मूळ नाव दिसतं, पण चष्मा शोधत बसणाऱ्या आजीने तो कधी स्कॅन करायचा?

म्हणून ठाणे महापालिकेला माझी विनंती आहे, तुमच्या दवाखान्यांत आठवड्यातून एक दुपार फक्त ज्येष्ठांच्या गोळ्या तपासायला ठेवा, बाकी ओपीडी नको. आणि प्रायव्हेट डॉक्टरांनाही सांगते, या अर्ध्या तासाची वेगळी फी लावा, आम्ही आनंदाने देऊ.

एक वाचक,
ठाणे पश्चिम