मशीन भंगारात काढण्याआधी आयएसओ तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून शाळांमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाका असं सगळेच सांगतायत आणि ते बरोबरच आहे. पण आमच्या भागात काय झालं ते सांगतो. एका संस्थेने डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारित स्वतःची सिस्टिम बनवली, मराठी फॉन्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, मुलांसाठीचे प्रोग्राम सगळं आत घालून, आणि त्याची आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टिम भरलेली एकच फाइल, काढून त्याचे पेनड्राइव्ह शाळाशाळांत वाटले. हेतू चांगलाच होता. पण बऱ्याच ठिकाणी ते इन्स्टॉलच होईना, आणि सरांना उत्तर काय मिळालं तर "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या". चांगली चालती मशीन अडगळीत गेली. याचाच राग येतो, कारण बिघाड मशीनमध्ये नव्हताच.

एका लॅबमध्ये मी स्वतः बघितलं, इन्स्टॉलर सुरू व्हायचा, भाषा वगैरे विचारायचा आणि मग कर्नल (सिस्टिमचा गाभा) मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडायचे सुटे भाग, सापडत नाहीत म्हणून अडून बसायचा. याचा हार्डवेअरशी काडीचा संबंध नाही. आयएसओतला इन्स्टॉलर एका कर्नलचा आणि आत भरलेली पॅकेजेस दुसऱ्याच कर्नलची, म्हणजे बनवणाऱ्यांनी पॅकेजेस नवी ओढली पण इन्स्टॉलर जुनाच राहिला. लाइव्ह-बिल्ड (अशी आयएसओ बनवायचं साधन) वापरणाऱ्याने अशा वेळी सगळा जुना कॅशे (आधी उतरवून साठवलेल्या फाइली) पुसून बिल्ड पहिल्यापासून चालवायला पाहिजे, वेळ जातो, नेट जास्त लागतं, पण त्याला इलाज नाही.

दुसऱ्या शाळेत वेगळाच प्रकार. काळ्या स्क्रीनवर इनिटरामएफएस (सुरू होतानाची तात्पुरती छोटी सिस्टिम) लिहून यायचं आणि वर मेसेज की लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं मीडियम (म्हणजे इथे पेनड्राइव्ह) मिळत नाही. पेनड्राइव्ह बघितला तर आयएसओ उघडून आतल्या फाइली नुसत्या कॉपी-पेस्ट केलेल्या, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि ज्या स्क्वॉशएफएस फाइलमध्ये सगळी सिस्टिम असते नेमकी तीच मोठी. कॉपी करताना एरर आली असणार, स्किप करून पुढे गेले. खरं तर हायब्रिड इमेज (सीडी आणि पेनड्राइव्ह दोन्हीवरून चालणारी आयएसओ) जशीच्या तशी लिहायची असते, रुफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्राममध्ये डीडी मोड निवडला की झालं.

"आमच्याकडे तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये नीट चालली" असं संस्थेचं म्हणणं. (व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम.) चालणारच ना! तिथे आयएसओ सीडी म्हणून लागते, पेनड्राइव्हवरून बूट होतंय का हे त्यात कळतच नाही. निदान एका जुन्या बायोसवाल्या आणि एका यूईएफआयवाल्या (मशीन सुरू करायची नवी पद्धत) खऱ्या मशीनवर पूर्ण इन्स्टॉल करून बघायला हवं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा (जुन्या प्रोसेसरसाठीचा) इन्स्टॉलरच नाही, त्यामुळे खरंच ३२ बिटचं मशीन असेल तर डेबियन १२ वर वेगळी इमेज काढावी लागते, हे शाळांना आधी सांगायला नको का?

चेकसमचा (फाइल अस्सल आहे का ते तपासायचा आकडा) तर कुठे पत्ताच नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या एका प्रकाराची वेबसाइट हॅक करून मिंट १७.३ सिनॅमनच्या जागी बॅकडोअर (चोरवाट) असलेली आयएसओ लोकांना डाउनलोड करायला लावली होती. एवढ्या नावाजलेल्या प्रोजेक्टचं असं होतं, तर हातोहात फिरणाऱ्या पेनड्राइव्हचं काय सांगावं. म्हणून आयएसओसोबत एसएचए२५६ चेकसम, आणि तोही जीपीजी (डिजिटल) सही केलेला, पॅकेजची यादी आणि बिल्डचा लॉग (काय काय झालं त्याची नोंद) हे सगळं संस्थेने उघड ठेवावं. लॉग असला तर कुठलाही जाणकार दूरवरून चूक शोधून देईल, नसला तर सगळे अंदाजच मारत बसणार.

शिक्षकांना एक विनंती. इन्स्टॉल अडकलं तर लगेच बंद करू नका. ऑल्ट आणि एफ४ दाबा, ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर कंट्रोलही सोबत, लॉगच्या ओळी दिसतील, त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि ज्यांनी पेनड्राइव्ह दिला त्यांना पाठवा. आणि संस्थेने असे फोटो कुणाच्या नंबरवर पाठवायचे ते पेनड्राइव्हसोबतच लिहून द्यावं, तोपर्यंत एकही मशीन भंगारात देऊ नये.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा