शुल्कवाढीआधी करार दाखवा

महोदय,

कचरा शुल्क वाढवायचे म्हटले की डिझेल आणि मजुरीचा हिशेब पुढे येतो. प्रक्रिया करणाऱ्या कंपनीशी झालेल्या कराराविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. अनेक शहरे कंत्राटदाराला टनामागे पैसे देतात, त्यामुळे कचऱ्यात माती किंवा राडारोडा मिसळला तर बिल वाढते आणि कंत्राटदाराचे काहीच बिघडत नाही. इंदूरच्या देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची क्षमता असलेल्या बायो-सीएनजी (कचऱ्यापासून वाहनांसाठी गॅस बनवणाऱ्या) प्रकल्पात उलट कंपनीच महापालिकेला दरवर्षी रक्कम देते, कारण तिला निवडलेला कचरा मिळतो. ही निवड रामबाग किंवा सुदामानगरातल्या घराघरांत होते. सकाळी गाडीच्या निरनिराळ्या कप्प्यांत ओले, सुके, डायपर वेगळे टाकणारे हात फुकट राबतात.

शुल्क घेण्यास हरकत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत त्याची तरतूद होतीच. परंतु दर ठरवण्यापूर्वी कराराच्या अटी आणि वजनकाट्याच्या मासिक नोंदी प्रसिद्ध कराव्यात, आणि नीट वर्गीकरण करणाऱ्या घरांना शुल्कात सवलत द्यावी.

– एक वाचक, रामबाग, इंदूर